घरवालीचं नाव काय?

...अन् हळू बसा हो, खुर्ची ओढू नका, खुर्चीचा पाय फरशीवर घासला का माह्या कानापासून टाळूपर्यंत करवत फिरते. हो, बसा. भेटाले आले ना तुमी? या, सगळेच येऊन राहिले. सेक्टर दोनची पुरी लाईन येऊन गेली, दुर्गचे रेल्वेवाले पाहुणे येऊन गेले, तिरोड्याहून मावससासरे आले ते मुक्कामालेच राहिले, म्हणे बिमार माणसाले एकटं सोडू नये. एकटं? दीड खोलीच्या क्वार्टरात मी शेवटचा एकटा कधी होतो हे मले डोकं चांगलं होतं तेव्हाही आठवत नव्हतं. डोकं माहं फुटलं अन् चहापत्ती घरची संपली. अन् डाक्टरनं काय सांगतलं? आराम करा.

तुमाले सांगतो, मी रिगर माणूस. शालिकराम रिगर म्हटलं का पोलादाच्या प्लांटात कोणीही वर बोट दाखवते. चिमणीच्या मचाणावर दोरीले लटकून काम, इतक्या उंच का खालचा साहेब कोणता अन् खालचा खलाशी मजूर कोणता हे समजत नाही, सगळे सारखेच दिसतात. तिथं कधी खरोच नाही आली. अन् त्या दिवशी खाली उतरलो, डोक्यावरचा टोप काढला, सावली पाहून बसलो, भाकरीचा पहिला घास तोंडात घातला... अन् वरून पाना आला. कोणाचा? हिरालालचा. आमचाच गँगवाला, आमचाच शेजारी, भिंतीले भिंत लागून. म्हणे हातातून सुटला. बरं, सुटला तं सुटला, आता रोज सकाळ-संध्याकाळ येते अन् माह्या उशाशी बसून मोठ्यानं रडते. मी म्हणतो, हिरालाल, माफ केलं बाबा, पण हळू रड.

डाक्टर बंगाली, भला माणूस. म्हणे, "हड्डी ठीक है, अंदर मगज हिल गया है. घर में आराम, अंधेरा, शांति. ऊपर चढ़ना बंद. हम फिट बोलेगा, तब." अन् तिथंच तं खरी गोम आहे ना. फिट नाही मिळालं तं साहेब म्हणून राहिले, शालिकरामले स्टोअरमधी बसवू, बोल्ट मोजाले. मी बोल्ट मोजू? वर गेलं का गोंदियाकडे जाणारी रेल्वेची लाईन दिसते, वारा लागते, छाती मोकळी होते. त्याच्यासाठी तं गावचं वावर सोडून आलो. खाली बसवलं तं मी झुरून जाईन, खरं सांगतो. म्हणून मी ठरवलं, डाक्टर म्हणते तसाच आराम करायचा. पण करू देते कोण?

माय दारात बसून शांतता राखते. कशी राखते? "आवाज करू नका रे, माह्या लेकाचं डोकं दुखून राहिलं!" लाईनच्या शेवटच्या क्वार्टरातून देवाजी वरडून विचारते, "काय म्हणता मावशी?" माय पुन्हा सांगते. मंग देवाजी म्हणते ऐकू नाही आलं, थांबा, मीच येतो. येते. चहा होते. स्टोव्ह पेटते, तो फर्रर्र सुरू झाला का माहे डोळे आतल्या आत फिरतात. अन् वरून पहिल्याच दिवशी डाक्टरनं घरच्यायले सांगतलं होतं का आजचा दिवस हा झोपला तं उठवून पाहा, नाव-गाव विचारा, शुद्धीत आहे का नाही समजते. आजचा दिवस! तो दिवस गेला, महिना पालटला, हे अजून उठवूनच राहिले. डोळा लागला का पोरगी हलवते, "बाबूजी, आपका नाम क्या है?" शाळेत हिंदी शिकते, तिची परीक्षा माह्यावर. ती गेली का मावससासरे, "जावईबापू, मले ओळखलं?" ओळखलं ना मामा, तुमाले कसा इसरन, तुमी जातच नाही. अन् डाक्टरनं काय सांगतलं? आराम करा.

पण खरी फजिती दवाखान्यातच झाली. मी शुद्धीवर आलो, डाक्टरनं विचारलं, नाम? सांगतलं. गाँव? सांगतलं. मंग म्हणे, "घरवाली का नाम?"

आता तुमीच सांगा. उशाशी माय बसली. पायथ्याशी आमची घरची, डोक्यावर पदर घेऊन. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे तं जगाले माहीत आहे, पण आमच्या घरात माणूसही मायबापासमोर बायकोचं नाव नाही घेत. मी लग्न झाल्यापासून "अवो" म्हणतो अन् तेवढ्यानं ती येते. मी काय करू? छताकडे पाह्यलं. डाक्टरनं अजून जोरात विचारलं. मी पंखा पाह्यला. डाक्टरनं मान हलवली, म्हणे मेमरी में गड़बड़ है. मंग तिच्याकडे वळला, "आप बताइए, आपके पति का नाम?" तिनं खाली पाह्यलं. डाक्टरनं माह्या डोक्याकडे पाह्यलं, मंग तिच्या डोक्याकडे पाह्यलं. म्हणे, "इसको भी लगा है क्या?"

हसा, हसा, पण हळू हसा.

घरी आलो तं एका दुपारी ती भाजी चिरता चिरता हळूच म्हणते, "खरंच इसरले का?" मी म्हटलं, काय? म्हणे, "माहं नाव." मी म्हटलं, नाही. "मंग सांगा." अन् तिकडं दोन हातांवर माय खोकलली. माहं तोंड उघडलं तसंच बंद झालं. ती वांगे चिरत राहिली अन् डोळे पुसत राहिली. वांग्यानं डोळ्यात पाणी येते का कोणाच्या? तिले खरंच वाटलं हो, का मी इसरलो. अन् कावून नाही वाटणार, मी कधी घेतलंच नाही तं मले येते हे तिले समजावं कसं? खोटं नाही सांगत, त्या दिवशी डोक्यापेक्षा दुसरीकडेच जास्त दुखलं.

मंग फिटची तारीख आली. मी एकटा जातो म्हटलं. माय आली, घरची आली, हिरालाल रडत आला. डाक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली, एका पायावर उभं केलं, सरळ रेघेवर चालवलं. चाललो. मनात म्हटलं, शालिकराम, झालं, उद्या चिमणीवर. अन् डाक्टर चष्मा सारखा करून म्हणते, "हाँ, अब बोलो. घरवाली का नाम?"

इकडं माय. तिकडं ती, पदराच्या आडून पाहून राहिली. मले चिमणी दिसली, बोल्टाचे डबे दिसले, तिचे डोळे दिसले. म्हटलं होऊन जाऊ दे... "मैना!" अन् निघालं कसं? आमाले सवय वरून खाली आवाज द्यायची, तसं निघालं. पुऱ्या वार्डानं ऐकलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, खांदे हलून राहिले, हसून राहिली का रडून राहिली काही समजेना. डाक्टर खुश. म्हणे, "बहुत अच्छा, फिट!"

अन् माय मटकन खाली बसली. "गेलं हो डाक्टरसाहेब, गेलं माह्या लेकाचं डोकं! याच्या बापानं मरेपर्यंत माहं नाव नाही घेतलं, अन् हा माह्या तोंडावर बायकोचं नाव घेऊन राहिला! आधी असा नव्हता हो हा, लई गरीब होता!" डाक्टर विचारते, माँजी क्या बोलती है? कंपाउंडर गुलाबराव आपल्या गोंदियाचाच, समजदार माणूस, पण त्याले काय सुचलं देव जाणे, म्हणे, "साब, माँ बोलती है दिमाग अभी ठिकाने पे नहीं है, ये पहले ऐसा नहीं करता था." डाक्टरनं कागद पुन्हा ओढला. म्हणे माँ से ज्यादा कौन जानेगा. पंधरा दिन और... आराम करो.

घरी आल्यावर घरची मायकडे नजर टाकून म्हणे, "आत्याबाईच्या म्होरं असं नव्हतं करायचं." अन् ताटात तुपाची धार अशी सोडली का भाकर बुडाली. पण आता भेटाले बाया येऊन राहिल्या ना, दुप्पट! नाव घेणारा माणूस पाहाले. हिरालालची बायको तं त्याले रोज म्हणते, "पाहा, त्यायनं भरल्या दवाखान्यात नाव घेतलं, तुमाले घरात जमत नाही." हिरालाल आता त्याच्यासाठी येऊन रडते. अन् माह्या जागेवर चिमणीवर तोच चढून राहिला.

आज सकाळी माय उशाशी बसली. डोक्यावरून हात फिरवला, गोड आवाजात म्हणे, "शालिक, माह्या राजा, खरं सांग, तुह्या बायकोचं नाव काय?"

आता घेतलं तं येडा, नाही घेतलं तं इसरला. मी म्हटलं, "माय, डोकं दुखून राहिलं."

तशी तिच्या चेहऱ्यावर अशी शांती आली हो... म्हणे, "आता कसा शहाण्यावानी बोलला," अन् दारात जाऊन पुऱ्या लाईनले वरडून सांगून आली.