नात्याची चौकट

…आता तुम्हीच सांगा, सत्तरीच्या मास्तरांना 'प्रिय व्यंकट' म्हणायचं? माझं काय चुकलं हो?

तुम्हाला सांगते, सेलूत आमचा अकरा जणींचा बचत गट, ज्वारीचे पापड करतो. भाची श्रीनिधीनं मोबाइलवर फॉर्म करून दिला. गिऱ्हाईकानं नाव भरलं की आपोआप मेल जाते, आपण निवांत पापड लाटायचे! पण मेल कशी? 'प्रिय', पुढं महिरपी कंस, कंसात 'नाव'. यंत्र तिथं नाव घालतं. नुसतं नाव! व्यंकटराव मास्तरांचा फोन, "सुमन, मी तुला शिकवलं, अन् तू मला व्यंकट म्हणायलीस?" लाजेनं मेले मी!

श्रीनिधी म्हणाली, "मावशी, सोप्पंय! फॉर्ममध्ये एक चौकट वाढव, तिचं नाव मेलमध्ये नावापुढं कंसात टाक, म्हणजे 'व्यंकट काका' जाईल. कंस तेवढा खोडू नकोस!" नाही खोडला. चौकट वाढवली, 'नातं'. यादी दिली… काका, मामा, आत्या, वहिनी, जावई. पुढं लाल चांदणी, म्हणजे निवडल्याशिवाय फॉर्म सरकतच नाही. अन् 'जावई असेल तरच दाखव' अशी अट घालून त्याच्या मेलमध्ये एक ओळ जास्तीची, 'जोडीनं जेवायला या.' जावयाला नुसते पापड दाखवायचे का? माझं काय चुकलं?

अन् नेमका फॉर्मवर आला पुण्याच्या मोठ्या दुकानाचा आदिनाथ! पाचशे पाकिटं घेणार, आमची गावाबाहेरची पहिली ऑर्डर! अकरा जणी मोबाइलकडं डोळे लावून… पण त्या बिचाऱ्याचं आमच्याशी नातं कुठलं? 'कुणीच नाही' हे मी यादीत घातलंच नव्हतं! दारात आलेल्याला असं म्हणतात का? त्यानं आपलं 'जावई' निवडलं.

गुरुवारी बायकोसकट स्टेशनावर हजर! "मेल आली होती…" आता? पुरणपोळ्या झाल्या, आहेर झाला, आमच्या गटातली कमलबाई तर त्याच्या बायकोची ओटी भरताना लय रडली. निघताना मी हळूच म्हणलं, "ते पाचशे पाकिटांचं…" तर पाया पडत म्हणतो कसा, "सासूबाई, घरच्या माणसाकडून ऑर्डर घेता का?" अन् दहा पाकिटं पिशवीत घालून गेला!

श्रीनिधी ओरडली, "मावशी, यादीत 'गिऱ्हाईक' घाल!" घातलं. जेवणाची बातमी तोवर परभणीपर्यंत गेलेली. आठ दिवसांत चाळीस फॉर्म आले. गिऱ्हाईक एक नाही… चाळीसच्या चाळीस जावई!

बसा, पुरण शिजायलंय. तुम्ही काय निवडलंत?