पहिला ट्रे कोणी खायचा?

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आमच्या कंपनीचे डॉक्टरसाहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती भट्टीदादा, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि मागच्या टेबलावर झाकून ठेवलेल्या केककडे माना वळवून वळवून पाहणाऱ्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला बजावलंय की थोडक्यात आटपा. प्रयत्न करतो. पण ज्या माणसाबरोबर मी उमेदीची सगळी वर्षं रेल्वेच्या डब्यांत, लॉजवर आणि बेकऱ्यांच्या मागच्या दारी काढली, त्याला थोडक्यात आटपायचं तरी कसं?

नव्या मंडळींसाठी सांगतो. दादा आणि मी बेकरीच्या भट्ट्या बसवतो, बिघडल्या की दुरुस्त करतो. काम झकास आहे, पण त्यात एक गोम आहे. या धंद्याची रीत अशी की नवी भट्टी पेटली की तिच्यातला पहिला ट्रे भट्टी बसवणाऱ्याने खायचा. मालकासमोर, उभ्याउभ्या, गरमागरम. त्याने चवीने खाल्लं की भट्टी पास. त्याने आढेवेढे घेतले की मालकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. आता तुम्हीच सांगा, केक खाणं हीच ज्याची नोकरी, त्याने पथ्य पाळायचं कधी?

दादांनी वर्षानुवर्षं हे कर्तव्य तोंड गोड करून पार पाडलं. मग एका वार्षिक तपासणीत डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट पुढे धरला आणि म्हणाले, "शुगर पुढच्या तपासणीपर्यंत खाली आली नाही, तर मी तुम्हाला फिरतीवर सोडणार नाही. ऑफिसात बसा." हसू नका, डॉक्टर, तुम्ही अगदी याच आवाजात म्हणाला होतात. ऑफिसात बसणाऱ्यांनी राग मानू नये, पण ते ऐकून दादांचा चेहरा असा पडला की मी धावत जाऊन पाणी आणलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या फिरतीचं रूपच पालटलं. लिफ्ट बंद. अवजारांच्या पेटीत पान्ह्यांशेजारी दोरीउड्यांची दोरी आली. लॉजवरच्या चहाच्या किटलीत अंडी उकडू लागली. त्या किटलीतला चहा नंतर ज्यांनी ज्यांनी प्यायला, त्यांची मी आज जाहीर क्षमा मागतो. गाडीला वेळ असला की फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, सामानासकट. एक बॅग त्यांची, एक माझी, आणि दोन्ही माझ्या हातात, कारण त्यांना हात हलवत चालायचं असायचं!

एका सकाळी दोरीउड्या रंगात आल्या असताना दारावर थापा पडल्या. खालच्या खोलीतला पाहुणा भडकून वर आला होता. दार उघडतो तर समोर टॉवेल गुंडाळलेले आमचे विक्रीप्रमुख, आणि त्यांच्या केसांत छताचे पोपडे. ते कुठे मुक्कामाला आहेत याची आम्हाला गंधवार्ता नव्हती. दादा शांतपणे म्हणाले, "या ना साहेब, माझ्याकडे आणखी एक दोरी आहे." साहेब आज व्यासपीठावर पाहुणे म्हणून हजर आहेत, त्याअर्थी राग निवळला असावा.

पण खरी पंचाईत पहिल्या ट्रेची होती. दादांनी त्यावर युक्ती काढली. मालकाची पाठ वळली रे वळली की बिस्किट त्यांच्या हातातून माझ्या हातात. पुढे ते कुठे गेलं, हे माझ्याकडे पाहून कुणालाही कळेल. पथ्य त्यांचं, अंगी लागलं मला! आमच्या सौभाग्यवती विचारायच्या, "तुम्ही कामाला जाता की जेवणावळीला?"

मी दादांना म्हणायचो, "सरळ सांगून टाका ना एकदा."

"खुळा आहेस का? आजारी म्हटलं की पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतील."

मग एक दिवस आम्ही एका मालकीणबाईंच्या तावडीत सापडलो. बाई पीठ मळायच्या यंत्राआड उभ्या होत्या. बिस्किट माझ्याकडे सरकलेलं त्यांनी बरोबर टिपलं. कमरेवर हात ठेवून पुढे आल्या.

"माझ्या हातचं चालत नाही होय तुम्हाला?"

"तसं नाही हो ताई..."

"मग कसं ते सांगा. तोवर ही भट्टी माझी नाही."

सगळे कारागीर हातातलं काम टाकून आमच्याकडे बघत राहिले. दादांनी कपाळावरचा घाम पुसला. मग खाली मान घालून म्हणाले, "ताई, मला शुगर आहे. हे खाल्लं तर माझं फिरणं बंद होईल."

बाईंनी ट्रे बाजूला सारला. "एवढंच ना? मग आधी बोलायला काय झालं होतं? आमच्या घरी सासरे आणि दीर, दोघंही शुगरवाले. त्यांचं मीच बघते." आणि लगेच कोंड्याचं पीठ घेऊन बिनसाखरेचा पाव मळायला बसल्या. पीठ फुगेपर्यंत दादांनी आवारात फेऱ्या मारल्या. पाव निघाला. पहिला तुकडा दादांनी स्वतः खाल्ला, सगळ्यांदेखत. भट्टी पास झाली.

बेकरीवाल्यांच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या गावी आम्ही पाऊल टाकायच्या आत मालक म्हणाले, "दादा, तुमचा कोंड्याचा पाव लावून ठेवलाय." मग गावोगावी तीच रीत पडली. पहिला पाव दादांचा, बिस्किटं माझी. मी कधी तक्रार केली नाही. आणि पुढच्या तपासणीत शुगर इतकी खाली आली की डॉक्टरसाहेबांना आपल्याच यंत्राचा संशय आला.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायची नाही असं दादांनी मला बजावलंय. दादा, डोळे वटारू नका. त्या तपासणीनंतर गाडीत मी त्यांना विचारलं होतं, "एवढा आटापिटा, तो फिरतीसाठीच ना?"

ते म्हणाले, "फिरती काय, आज ना उद्या सुटणारच. माझ्या आईला शुगर होती. मी गावोगाव हिंडत होतो आणि हिने एकटीने आईची इंजेक्शनं, पथ्यपाणी, पायाची जखम, सगळं काढलं. माहेरी गेली तरी उभ्याउभ्या परत यायची. आता रिटायर होऊन मी तेच दुखणं घेऊन हिच्या पुढ्यात जाऊन बसू? मला धडधाकट घरी जायचंय रे. हिला जग दाखवायचंय."

दादा, तुमची सगळी बिस्किटं मी मुकाट्याने गिळली, पण ही गोष्ट मला गिळवत नाही. वहिनींना कळायलाच हवी. वहिनी, या महिन्याचा रिपोर्टही उत्तम आहे. डॉक्टरसाहेब, मान हलवा. बघा, हलवली! कोंड्याचा पाव कसा करायचा, हेही दादा त्या मालकीणबाईंकडून शिकून आलेत. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊ नका, त्यांनाच करू द्या. दादा, तुमच्यासारखा सोबती मला पुन्हा मिळायचा नाही. तुमच्याशिवाय गाडीत बसायचं या विचारानेच मला गलबलून येतं, एवढं बोलतो आणि थांबतो.

अध्यक्ष महोदया, आपण मला आवरलं नाहीत, याबद्दल आपले मनापासून आभार. पाहुण्यांचे, डॉक्टरसाहेबांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचेही आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, नको ते तोंडून गेलं असेल, तर मोठ्या मनाने मला माफ करा.

वहिनी, तुम्ही मात्र दादांना इतक्यात माफ करू नका. आधी डोंगर, समुद्र, जिथे म्हणाल तिथे न्यायला लावा, मनसोक्त फिरून या, आणि मग सावकाश ठरवा.