बाबा खाडीपलीकडे आहेत

उलूरियाक : दिवस कशाला विचारतेस? माझे बाबा पुन्हा जन्माला आले तो दिवस. तसंच लिही.

लिटिया : मावशी, दवाखान्याच्या कागदावर तसं लिहिता येत नाही. जेपिटीला मुलगा झाला, तू त्याला तुझ्या वडिलांचं नाव दिलंस, कमानिक. हे गावभर ठाऊक आहे. मला तारीख हवी.

उलूरियाक : हिवाळ्याची लांब रात्र संपून सूर्य परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरं टेकडीवर सूर्य बघायला चालली होती आणि याच्या बायकोला, नीवीला, कळा लागल्या.

लिटिया : म्हणजे सहा फेब्रुवारी. जेपिटी, तू तेव्हा घरी होतास?

जेपिटी : होतो ना ताई. खाणीवर दोन आठवडे, घरी दोन आठवडे. त्या वेळी घरची पाळी होती. आजीनंतर मीच उचललं त्याला.

लिटिया : आणि हा खोकला? तेव्हाही होता?

जेपिटी : इतका नव्हता. खाणीवर सगळेच खोकतात. बारा तास लोखंडाची धूळ खायची, मग काय गाणं म्हणणार?

लिटिया : मास्क वर घे. खिडकीशी बस.

जेपिटी : बसतो. आजी म्हणते, चोर दिसतोस.

लिटिया : खाणीवरून घरी यायला विमानात चढताना तिथली नर्स विचारते ना, खोकला आहे का म्हणून?

जेपिटी : विचारते. आम्ही आधी खोकल्याचं औषध पितो, पेपरमिंटची गोळी गालात धरतो आणि नाही म्हणतो. सगळेच. हो म्हटलं की विमान गेलं. मग एका खोलीत बसा, जेवण दाराबाहेर. नीवीचे दिवस भरले होते, ताई.

लिटिया : खाणीवर झोपायच्या खोलीत तुझ्याबरोबर कोण असतं?

जेपिटी : कुणी नाही. मी घरी आलो की माझ्याच पलंगावर दुसऱ्या गावचा एनुकी झोपतो. तो गेला की मी. वर्षभरात एकदाच भेटलोय, धावपट्टीवर. पण जाताना तो माझ्यासाठी सुका मासा ठेवतो, मी त्याच्यासाठी चहापत्ती. त्याला काही झालं नाही ना?

लिटिया : तो ठीक आहे. पलंगावरून लागत नाही हा रोग. बंद हवेत तासन्‌तास एकत्र बसून लागतो. तुम्हाला खाणीत नेणाऱ्या बसच्या चालकाला क्षय होता. त्या बसमधल्या सतरा जणांपैकी पाच जण आजारी आहेत, त्यातला एक तू. प्रत्येक जण विमानानं आपापल्या गावी गेलाय. आता सांगा, या घरात कोण कोण झोपतं?

उलूरियाक : मी. जेपिटी. नीवी माहेरी गेलीये.

लिटिया : आणि बाळ?

उलूरियाक : बाबा प्रवासाला गेलेत.

लिटिया : मावशी, मी तिसऱ्यांदा आलेय. पहिल्यांदा म्हणालीस, झोपलाय. दुसऱ्यांदा म्हणालीस, शेजारी नेलाय. शेजारी नव्हता.

उलूरियाक : तू कागद घेऊन येतेस. कागद घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत.

लिटिया : मला माहीत आहे.

उलूरियाक : माहीत असणं वेगळं. मी सात वर्षांची होते. सरकारी दवाखान्याचं जहाज आलं. सगळ्यांना वर चढवून छातीचे फोटो काढले. बाबा थोडे खोकत होते. त्यांना खाली उतरूच दिलं नाही. आईनं किनाऱ्यावर सीलचं मांस कापून ठेवलं होतं, जेवायला येतील म्हणून. जहाज हललं. बाबांनी कठड्यावरून हात केला, शिकारीला निघाल्यासारखा. दोन उन्हाळ्यांनी एक खोका आला. त्यात त्यांचे बूट आणि कंगवा. कुठं पुरलं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

लिटिया : माझ्या आजीची बहीण त्याच जहाजावर होती, मावशी.

उलूरियाक : मग तुला तरी कळायला हवं. पासष्ट वर्षं ते नाव मी कुणाला दिलं नाही, सांभाळून ठेवलं. आता कुठं ते परत आलेत. त्यांना पुन्हा तुझ्या यादीत घालू?

लिटिया : आता कुणाला जहाजावर घालत नाहीत. औषध घरीच देतात. गोळी कुटून दुधात मिसळायची. मी रोज येईन, तुझ्या मांडीवर असतानाच पाजेन. एवढ्या लहान बाळाला झाला तर हा रोग छातीत थांबत नाही, मेंदूत जातो. जन्मल्यावर लस टोचली होती?

जेपिटी : वजन कमी होतं. नंतर टोचू म्हणाले. आजी, सांग ना.

उलूरियाक : तू गप्प. तू पेपरमिंट चघळ.

जेपिटी : काल दुपारी नीवी वायरलेसवर बोलली, ताई. तो दूध ओढत नाही म्हणाली. अंग गरम आहे. मान मागं टाकतो.

लिटिया : कधीपासून?

जेपिटी : परवापासून. आजी म्हणाली, वारा लागला असेल.

लिटिया : मावशी.

उलूरियाक : वाराच असेल.

लिटिया : मावशी, माझ्याकडे बघ.

उलूरियाक : खाडीपलीकडे. लाल कड्याखाली नीवीच्या आईची झोपडी आहे ना, तिथं. मीच पाठवलं. खाडीवरच्या बर्फाला मधोमध भेग पडलीये. डावीकडून जा, किनाऱ्याला धरून.

लिटिया : माझ्या भावाला बर्फगाडी काढायला सांगते, आत्ताच निघते. आणि एक सांगते. मघाशी म्हणाले, औषध घरीच देतात. आता तसं म्हणवत नाही. बहुतेक विमानानं दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल.

उलूरियाक : म्हणजे नेणारच.

लिटिया : नीवी बरोबर जाईल. बाळ कुठं आहे, कसं आहे, रोज तुला फोनवर कळेल. एक दिवससुद्धा चुकणार नाही.

उलूरियाक : बाबांच्या वेळी एवढंही कुणी म्हणालं नव्हतं. जा. उभी का राहिलीस? डावीकडून.

(तीन आठवड्यांनी. तेच स्वयंपाकघर.)

लिटिया : खिडकी उघडी ठेवलीस?

उलूरियाक : तूच सांगितलंस ना. ये. मास्क लावलाय त्यानं, गोळ्या तेवढ्या राहिल्यात.

जेपिटी : ताईसमोर गिळायच्या असतात. चार. मग जीभ दाखवायची.

लिटिया : दाखव. बरं. मावशी, तू गावच्या रेडिओवर बोललीस त्या दिवसापासून चव्वेचाळीस माणसं तपासायला आली. लपवलेली तीन पोरंसुद्धा. तिघंही औषधावर आहेत, धडधाकट आहेत.

उलूरियाक : मी काय बोलले? एवढंच की मी माझ्या बाबांना लपवलं.

जेपिटी : खाणीवर एनुकीनंही सगळ्यांना सांगितलं. त्याच्या पाळीतले दोघं विमानापाशी हो म्हणाले. राहिले मागं.

उलूरियाक : लिटिया, तू पहिल्यांदा आलीस तेव्हाच मी सांगितलं असतं तर?

लिटिया : मावशी, चहा घे आधी.

उलूरियाक : मला लहान समजू नकोस.

लिटिया : बहुतेक वाचला असता.

उलूरियाक : हं.

जेपिटी : विमानापाशी नाही मी म्हणालो होतो, आजी. तू नाही.

उलूरियाक : दोघंही नाहीच म्हणालो. सरक जरा, मला खिडकीतून दिसत नाही.

लिटिया : काय दिसतं इथून?

उलूरियाक : चर्चमागचे दगड. जमीन वरचीच मऊ झालीये, खाली गोठलेलीच, खोल खणता आली नाही, म्हणून वर दगड रचले. सकाळी उठले की बघते. या वेळी कुठं ठेवलंय ते मला ठाऊक आहे.

लिटिया : एक कागद भरायचा राहिलाय, मावशी. आज नको असेल तर उद्या येते.

उलूरियाक : आज लिही. मी सांगते तसं. कमानिक, जेपिटी आणि नीवीचा मुलगा. माझे बाबा. सूर्य परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मले.

लिटिया : लिहिलं. तसंच लिहिलं.

उलूरियाक : नऊ जूनला, दक्षिणेच्या इस्पितळात, नीवीच्या मांडीवर गेले. चार महिने तीन दिवसांचे होते.