दोन्हीकडचं

जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर ती मांजराची टोपली घेऊन बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. आत डॉक्टर त्यांची अडलेली कालवड मोकळी करत होते.

"वळू कुणी निवडला?" म्हातारीनं विचारलं.

"मीच. वळूंच्या यादीतला दुधाचा आकडा बघून."

"आणि वासरू केवढं होईल, ते?"

"तो रकाना शेवटी होता गं."

"आता बापावर गेलंय बघा. थोराड."

"सगळं बापावर ढकलू नकोस. हिच्या आईचीही दोन्ही वासरं ओढूनच काढली होती. तीच अरुंद कंबर हिला आलीय."

"माहीत होतं ना? मग बारीक वासरांचा वळू घ्यायचा!"

"हळू बोल. शेजारी बघ."

तिनं टोपलीची कडी उघडली, परत लावली.

"कितवा महिना गं?" म्हातारीनं तिला विचारलं.

"सातवा."

"पहिलटकरीण?"

"हो."

"तुझ्या वेळी आईला सोपं गेलं होतं ना?"

"दोन दिवस अडली होती म्हणतात."

"असू दे. नवरा अंगानं बेताचाच असेल."

तेवढ्यात चौकटीखाली वाकून एक धिप्पाड माणूस आत आला.

"चल, मिळालं मांजराचं औषध."

म्हातारी त्याच्या खांद्यांकडे बघतच राहिली.

"आता दवाखाने फार सुधारलेत हो," म्हातारा घाईघाईनं म्हणाला.