पंप डावीकडे

...आणि वर मलाच म्हणतात, "विकत मिळतं की!" मिळतं ना. तुम्हाला सांगतो, खेळातली इंजिनं मिळतात, डबे मिळतात, फलाटावर उभी करायला नखाएवढी माणसंसुद्धा मिळतात, पण बाबांचं इंजिन नाही मिळत, कारण त्या जातीची सगळी भंगारात गेली, नकाशे गेले, राहिला एक फोटो, त्यात इंजिन आणि इंजिनापुढे छाती काढून ड्रायव्हर, म्हणजे आमचे बाबा. आता एका फोटोवरून, पितळेचा पत्रा कापून, कानशीने घासून, डाख देऊन वीतभर इंजिन उभं करायचं तर वेळ लागणार की नाही? चार वर्षं लागली.

बायको म्हणते, "अहो, आज भातात रिव्हेट आला." म्हटलं, थुंकू नकोस, दे इकडे, मोजून एकशे बारा आहेत. तर तीही तेच, "विकत मिळतं की!" शेजारी म्हणतात, "छान छंद आहे हो तुमचा." छंद! डोंबलाचा छंद... बाबा आतल्या खोलीत पडून आहेत. उभा जन्म इंजिन चालवलेला माणूस, आता कुठली चप्पल कुठल्या पायात ते विचारतो. मला शेवटचं ओळखलं त्याला दोन वर्षं झाली. सकाळी डोळे उघडले की एकच, "माझं इंजिन कुठं लावलंय?" डॉक्टर म्हणाले, "ओळखीची वस्तू हातात द्या, ती धरून कदाचित तुमच्यापर्यंत येतील. पण लवकर करा." म्हटलं, बनवतोय. तर डॉक्टर काय म्हणाले असतील? बरोबर. "विकत मिळतं की!"

मला दुसरं काही नको होतं हो. एकदा माझ्याकडे बघून त्यांनी माझं नाव घ्यावं, बस.

तर गेल्या रविवारी झालं पुरं. काळा रंग दिला, वाळवला, बाबांना उशीला टेकवून बसवलं आणि ठेवलं मांडीवर. बाबांनी हात फिरवला... बॉयलरवरून, चाकांवरून, धुराड्यावरून. डोळे भरून आले त्यांचे. माझेही. बायको दारात पदर तोंडाला लावून. आणि बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि म्हणाले, "पंप डावीकडे कुणी बसवला?"

म्हटलं, बाबा, फोटोत डावीकडेच आहे. "फोटोत असेल. इंजिनावर उजवीकडे असतो."

धावत जाऊन तो फोटो हातात घेतला. आणि तुम्हाला सांगतो... बाबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे. घड्याळ उजव्या हातात. बाबांनी जन्मात उजव्या हातात घड्याळ बांधलं नाही. छापणाऱ्याने निगेटिव्हची काच उलटी घातली होती, अख्खा फोटोच उलटा! चार वर्षं भिंग लावून मी रिव्हेट मोजत बसलो, आणि त्याच फोटोत समोर उभ्या असलेल्या बापाकडे एकदा धड बघितलं नाही.

परत आलो तर म्हणाले, "नवा फिटर का रे तू? घाबरू नकोस. हात चांगला आहे तुझा. बस." ऐकलंत? हात चांगला आहे! जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं, तेही फिटर समजून. मला कधी बस म्हणाले नव्हते हो, मी आपला दाराशी उभा राहून प्रगतिपुस्तक दाखवायचो.

आता पंप हलवायचा म्हणजे डाख वितळवून सगळं उकलायचं. उकलतोय. बायको म्हणते, "अहो, सांगा ना त्यांना, मी तुमचा मुलगा म्हणून." नाही सांगत. मुलाला बसायला सांगतील याची काय खात्री?

डॉक्टर आता फक्त खांद्यावर हात ठेवतात. विकत मिळतं असंही म्हणत नाहीत, यावरून काय ते समजा.

काल बाबांनी विचारलं, "फिटर, वडील आहेत का तुला?" म्हटलं, आहेत, साहेब. "काय करतात?" म्हटलं, ड्रायव्हर आहेत. एकदम खूश झाले. "मग माझ्याकडे काय घेऊन येतोस? आधी त्यांना दाखव."

म्हटलं, दाखवलं, साहेब. चुकलंय म्हणाले.

बाबांनी डोळे मिटले. "मग चुकलंच असेल."