जेवून उठल्यावर

तुम्ही हसाल, पण अमेरिकेत पिस्कॅटवेला आल्यावर पहिली बोलणी मी जेवून लगेच उठलो म्हणून खाल्ली. माझ्या घरमालकीण कार्मेन मावशी स्पेनच्या. एका रविवारी त्यांनी दुपारी जेवायला बोलावलं. त्यांना त्रास नको म्हणून मी भराभर जेवलो, आपली प्लेट धुतली आणि थँक्यू म्हणालो.

मावशींचा चेहरा पडला. “भात बिघडला का?”

“नाही, छान होता.”

“मग पळतोस कुठे? आमच्याकडे जेवण संपलं की खरं बसणं सुरू होतं. बस!”

बसलो. चांगले तीन तास. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे सगळ्यांत शेवटी कोण उठतं?”

“आई. आम्ही उठलो की ती जेवायला बसते.”

“एकटी?”



दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, कामावरच्या सुट्टीत घरी फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं उरकली होती.

आई म्हणाली, “आत्ताच वाढून घेतलंय रे, नंतर कर.”

“ठेवू नकोस. तू जेव, मी बसलोय.”

“आणि बोलायचं काय?”

“काही नाही.”

ती म्हणाली, “मग सावकाश जेवते हं.”