रानवांग्याच्या मुळावर

जमलेल्या माझ्या माणसांनो, तुमच्या या राई गावात मी नेहमी लीलाशी बोलायला यायचे. आज लीलाबद्दल बोलायचंय, आणि ऐकायला ती नाही. शब्द अडतील. सांभाळून घ्या.

आम्ही दोघी कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर. पुढे ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागली आणि निवृत्त होऊन इथे धाकट्या भावाकडे परतली. तेव्हा त्याची वांगी सुकत होती. आठवतं ना, नामदेव? तू म्हणालास, "ताय, जमीन मेली हाय. आता बिल्डरलाच देतो."

लीला म्हणाली, "जमीन नाही रे मेली. वर्षानुवर्षं नुसती वांगीच लावलीस. त्यांची मुळं मातीत जे सोडतात, तेच पुढच्या वांग्याला बाधतं."

स्वतःचंच विष स्वतःला!

पण खरं नवल पुढेच होतं. तिने रानवांग्याच्या रोपावर घरच्या वांग्याचं कलम बांधलं. खाली मूळ रानातलं, वर शेंडा आपला. "ही मुळं ते विष कमी सोडतात," ती म्हणाली, "आणि मातीत आहे ते सोसतात." वर तेच आपलं काटेरी देठाचं वांगं. खाली सगळा कारभार वेगळा. शाळेच्या चॅपलमध्ये टेकायचे, तसे मी वाफ्याशी गुडघे टेकले. इतकं सगळं मातीखाली चालतं, आणि आपल्याला पत्ता नाही?

मग लीला आजारी पडून दवाखान्यात दाखल झाली. नामदेवने मायेने रोपांना मातीची भर दिली, राईत सगळेच देतात तशी. कलमाचा सांधा गाडला गेला. वरच्या वांग्याने तिथून स्वतःची मुळं सोडली, आणि वाफा पुन्हा कोमेजू लागला.

ती परतली. अगदी काडी झाली होती. बांधावर बसून म्हणाली, "अरे येड्या, सांध्याला पांघरूण घातलंस?"

"थंडी लागंल म्हटलं," हा म्हणाला.

किती हसली! मग दोघांनी हातांनी माती सारली, वरची मुळं कापली. "सांधा उघडा ठेव," ती म्हणाली. "बाकीचं खालचं मूळ बघेल."

ती गेल्यावर बिल्डरचा माणूस आला होता. मी इथेच होते. नामदेव फाटकातूनच म्हणाला, "वांगी फुलावर हायत. नंतर बी येऊ नको."

चला, उभे राहूया. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. वाफा इथून दिसतोय.

सांधे उघडे आहेत, लीला. बघ.